सुभानला घरी घेऊन येतोय

कुणाला हे खोटं वाटत असेल, तर त्यानं दौंडला यावं आणि अनिस शेखच्या दुकानात बसून चहा प्यावा.

अनिसचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंखे आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारी भरून देतो. माणूस कमी बोलतो, पण थापा मारत नाही. उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा त्यानं कधी वाकडा शब्द वापरलेला नाही.

फक्त बुधवारी जाऊ नका.

बुधवारी दिवस मावळला की तो कुणाशीच बोलत नाही.

घटना २००६ सालची. फेब्रुवारी महिना, बुधवारची रात्र. जागा म्हणजे शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येणारा रस्ता.

अनिसचा धाकटा भाऊ सुभान सणसवाडीच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. चौघांत एक खोली घेऊन तिथंच राहायचा. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी पाळी संपली की तळेगाव ढमढेऱ्यावरून दौंडला घरी यायचा. अम्मी त्याच्यासाठी जेवायची थांबायची. दर बुधवारी.

त्या बुधवारी तो आला नाही.

रात्री शिरूरच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला.

न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडली होती. मागे ना दिवा, ना लाल कापड. एक मोटारसायकल सरळ तिच्यात घुसली. सुभान मागच्या सीटवर होता. मानेचं हाड मोडलं आणि जागीच गेला. गाडी चालवणाराही गेला. त्याची माणसं पारनेरकडची होती, ती उजाडायच्या आत त्याला घेऊन गेली. तो कोण होता हे कुणी विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं?

आणि सुभान शिरूरच्या बाजूला गेलाच कशाला होता, हेही कुणाला कळलं नाही.

आता एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच आलं.

जनाजाच्या नमाजाआधी घरचा जबाबदार माणूस सगळ्यांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "मयताकडं कुणाचं काही देणं असेल तर माझ्याकडं या, मी फेडीन. नाहीतर त्याला माफ करा." देणं फिटेपर्यंत मेलेल्या माणसाचा जीव अधांतरी लटकून राहतो, असं अनिसनं लहानपणापासून अब्बांच्या तोंडून ऐकलं होतं. अब्बा नव्हते, म्हणून तो उभा राहिला.

"सुभानकडं कुणाचं काही असेल, तर माझ्याकडं या. कुणी बी असा. मी फेडीन."

एवढं म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. पुढचं वाक्य ओठांवर आलंच नाही. तो रडतोय हे बघून मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी नमाज सुरू केली.

माफीचं वाक्य तेवढं म्हणायचं राहून गेलं.

चाळिसावा झाला. सुभानचे दोघं-तिघं घेणेकरी येऊन गेले होते. एक पानवाला, एक खोलीवरचा दोस्त. अनिसनं पैसे पुढे केले तर त्यांनीच कानाला हात लावले. अनिसला वाटलं, सुटला बिचारा.

दोन दिवसांनी दुकानातला फोन वाजला.

"सुभान शेख घरी पोचले का?"

"कोण बोलतंय?"

"कार्डाची वसुली."

ते कार्ड अनिसला ऐकून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या गेटवर टेबल टाकून टायवाले लोक बसायचे आणि सही करील त्याला क्रेडिट कार्ड द्यायचे. वर एक बॅग फुकट. पोरांना बॅग आवडली. कार्ड म्हणजे काय, व्याजावर व्याज कसं चढतं, हे टायवाल्यानं सांगितलं नाही आणि पोरांनी विचारलं नाही. नंतर टायवाले दिसेनासे झाले आणि वसुलीचे फोन सुरू झाले. सुभान गेल्या वर्षभरात फोन वाजला की दचकायचा, हे अनिसनं पाहिलं होतं.

"साहेब, सुभान वारला," अनिस म्हणाला. "न्हावऱ्याजवळ ॲक्सिडेंट झाला त्याचा."

पलीकडून फक्त वारा ऐकू आला. चालत्या गाडीवरून फोन केला की येतो तसला वारा.

मग आवाज आला. एकदम शांत.

"नाही हो. माझ्या मागंच बसलेत. घरी घेऊन येतोय."

अनिसनं फोन आपटला.

वसुलीवाले काय वाटेल ते बोलतात. शेजाऱ्यांना फोन लावतात, साहेबाला लावतात, आई-बहिणीवरून शिव्या देतात. मेलेल्या माणसाचीसुद्धा थट्टा करतील. अनिसनं स्वतःची समजूत घातली.

पुढचा बुधवार आला.

मगरिबची, दिवस मावळतीची अजान होऊन गेली होती. लाइट गेलेली. तेव्हा रोजच जायची. अनिसची बायको सायमा आत मेणबत्ती शोधत होती. अम्मी, म्हणजे खुर्शिदबी, नमाजाला बसली होती.

गल्लीत मोटारसायकल आली.

आवाज आला... उजेड आला नाही.

गाडी गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली थांबली. एक माणूस उतरून दारापर्यंत आला. तिशीच्या आतला. खांद्याला बॅग. पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. बोलणं मात्र फार अदबीचं.

"आईंना बोलवता का जरा?"

"आईचं काय काम?" अनिस दारात आडवा उभा राहिला. "कार्डाचं ना? माझ्याशी बोला. मी सांगितलंय जनाजाला, माझ्याकडं या म्हणून."

"म्हणून तर आलो," तो म्हणाला. "पण बोलायचं आईंसमोर. तसंच ठरलंय."

"किती हाय ते सांगा. मी देतो."

त्यानं आकडा सांगितला नाही. अनिसच्या खांद्यावरून आत बघत राहिला.

"वाइंडिंगचं मशीन बरं चाललंय ना?"

कार्डाचा पैसा कशात गेला, ते अनिसला तेव्हा कळलं. ते मशीन सुभाननं घेऊन दिलं होतं. बोनस मिळाला म्हणाला होता.

लिंबाखाली गाडीवर अजून कुणीतरी बसलं होतं. मागच्या सीटवर. ते उतरलं नव्हतं.

"मागं कोण हाय?" अनिसनं विचारलं.

"ते उतरत नाहीत," माणूस म्हणाला. "लाजतात."

तेवढ्यात लाइट आली. गल्लीतले बल्ब पेटले. अनिसनं डोळे मिचकावून बघितलं.

दारात कुणी नव्हतं. लिंबाखाली कुणी नव्हतं. आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज काही त्यानं ऐकला नव्हता.

सायमा बाहेर आली. "कुणाशी बोलत होतात?"

"न्हाई, असंच," अनिस म्हणाला.

त्यानंतर दर बुधवारी...

लाइट गेली की गाडी यायची. दर वेळी थोडी अलीकडे थांबायची. आधी लिंबाखाली. मग हापशापाशी. मग समोरच्या शेवंताबाईंच्या ओट्याला लागून. तो माणूस दारात येऊन तेच म्हणायचा. आईंना बोलवा.

आणि मागच्या सीटवरचा हळूहळू दिसू लागला.

राखाडी शर्ट. खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. डावी बाही फाटलेली.

मान खाली. इतकी खाली, की हनुवटी छातीला टेकलेली.

ती मान अनिसनं शिरूरच्या दवाखान्यात स्वतःच्या हातांनी सावरली होती. कफन घालतानाही त्यानंच धरली होती.

एकदा त्यानं सगळा धीर गोळा करून हाक मारली. "सुभान..."

मान किंचित हलली. वर येईल असं वाटलं.

मग आणखी खाली गेली.

अनिस त्या रात्री मोरीत बसून तोंडात रुमाल कोंबून रडला. अम्मीला ऐकू जाऊ नये म्हणून.

देणं फेडायचं. दुसरा विचारच नव्हता. मशीन गहाण टाकून थोडे उचलले, सायमाच्या कानातलं मोडलं आणि पैसे रुमालात बांधून अनिसनं पुण्याला कार्डाच्या बँकेत जाऊन काउंटरवर ठेवले. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"हे खातं बंद आहे. कार्डहोल्डर वारले ना? इन्शुरन्समधून भरलं गेलंय. तुमचं काहीच देणं नाही."

"तरी घ्या, ताई."

"कसं घेऊ? खातंच नाही तर पैसे भरायचे कुठं?"

रांगेतले लोक हसायला लागले. बँकेला चुकवत फिरणारी माणसं त्यांनी खूप पाहिली असतील. घ्या म्हणून हात जोडणारा पहिलाच.

"मग वसुलीला माणूस कशाला पाठवता?"

"आमचं कुणी येत नाही. तुमच्या भागाचं काम शिरूरच्या एका एजन्सीकडं होतं. ती बंद झाली."

अनिस तसाच शिरूरला गेला. स्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एजन्सीचं ऑफिस होतं. शटरला कुलूप. कुलपावर गंज. खाली बबनरावांची चहाची टपरी होती. म्हातारा माणूस, बोलायला मोकळा.

"बंद होऊन लई दिस झालं," बबनराव म्हणाले. "त्यांचा सुदर्शन गेला आन् बाकीची पोरं बी पांगली."

"कोण सुदर्शन?"

"वसुलीचं काम करायचा. पारनेरकडचा. पोरगं वाईट नव्हतं हो, पर वरनं लई दाब असायचा. टार्गेट न्हाई झालं की पगार कापायचं. त्या दिवशी सणसवाडीच्या एका पोराला गाडीवर घालून आणलं त्यानं. हिथंच बसवलं, ह्या बाकड्यावर. ते पोरगं निस्तं हात जोडत व्हतं. म्हणं, काय बी करा, मारा पायजे तर, पर माझ्या आईला सांगू नका."

अनिसला पुढचं ऐकायचं नव्हतं. पण तो तिथून निघाला नाही.

"सुदर्शन म्हणला, ऊठ, आज तुला घरीच घेऊन जातो, आईसमोरच बोलू. आन् बसवलं मागं. दौंडाकडं निघाली दोघं." बबनरावांनी रस्त्याकडे हात केला. "न्हावऱ्याच्या अलीकडं ट्रॉली व्हती."



"चहा प्यायला का त्यानं?" अनिसनं विचारलं.

"कुणी, त्या पोरानं? न्हाई. तसाच ठिवला. साय धरली त्याच्यावर."

अनिस त्या बाकड्यावर बसला आणि त्यानं एक चहा घेतला. त्यालाही तो पिता आला नाही.

दौंडला आल्यावर त्यानं हाफिजसाहेबांच्या सल्ल्यानं सगळे पैसे सुभानच्या नावानं गोरगरिबांत वाटले. दुआ झाली. हाफिजसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी गाडी आली.

"आता काय ऱ्हायलंय?" अनिस जवळजवळ ओरडलाच. "बँक म्हणती देणं न्हाई. तुमचं हापिस बंद. तुम्ही सोता..." पुढचं त्याच्यानं बोलवलं नाही.

तो माणूस तसाच उभा. पहिल्यांदाच त्याचा आवाज थकलेला वाटला.

"मला फक्त पोचवायचंय. दर वेळी निघतो. दर वेळी मधे ट्रॉली लागते."

"सोड की त्याला!"

"आई आल्या की होईल."

अनिस दोन्हीकडून अडकला. अम्मीला दारात आणलं तर कदाचित सुभान सुटेल. पण त्यानं मरायच्या आधी एकच गोष्ट मागितली होती. आईला सांगू नका. ती कशी मोडायची? आणि न मोडली, तर भाऊ असाच गाडीवर बसून राहणार. मान घालून. दर बुधवारी.

अनिसला काहीच ठरवता आलं नाही. त्यानं दार लावून घेतलं. पुढच्या बुधवारीही लावलं. लाइट गेली की अम्मीला मागच्या खोलीत बसवायचा आणि स्वतः दाराला पाठ लावून उभा राहायचा.

 अम्मी ताटात एक भाकरी बाजूला काढून ठेवायची.

पावसाळा सरता सरता एका बुधवारी दुकानात गिऱ्हाईक चिकटून बसलं. अनिसला उशीर झाला. सायकल हाणत निघाला, तर रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी चालली होती. संपता संपेना.

आणि समोर सगळीकडे एकदम अंधार झाला. लाइट गेली.

दोन डब्यांच्या फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. डबा... फट... डबा... फट.

एका फटीत मोटारसायकल दिसली. दिवा नसलेली.

पुढच्या फटीत मागच्या सीटवरचा राखाडी शर्ट.

त्याच्या पुढच्या फटीत रस्ता मोकळा होता. गाडी घराच्या दिशेनं वळली होती.

अनिस फाटकाचा दांडा हातांनी हलवत राहिला. लोक त्याला धरून मागे ओढत होते.

घरी पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. अम्मी उंबऱ्यात बसली होती. समोर ताट. ताटात भाकरी आणि कालवण. हात लागलेला नव्हता.

"आला होता," अम्मी म्हणाली.

अनिस तिच्याजवळ खाली बसला.

"मला दर बारीला कळत व्हतं रे. गाडी थांबली की त्याचा खोकला यायचा. मी म्हणलं, अनिस सांगंल तवा सांगंल." तिनं ताट जवळ ओढलं. "त्याला म्हणलं, वर बघ. न्हाई बघितलं. म्हणलं, पैशाचं काय एवढं बाबा, मी रागावणार हाय का तुला? तरी न्हाई बघितलं."

"आन् तो दुसरा?"

"तो बोलायला आला व्हता. तोंड उघडलं, आन् मला बघून त्यानं बी मान खाली घातली. मी त्याचे हात धरले. गार हात. म्हणलं, माझं पोरगं हिथं उतरव."

"मग?"

अम्मी गल्लीकडे बघत होती.

"म्हणला, आता मला उतरवता येत न्हाई, आई."

त्यानंतर अम्मी फार दिवस राहिली नाही. ताप नाही, दुखणं नाही. अन्न तुटलं आणि गेली.

जनाजा मांडला. लोक रांगेत उभे राहिले. हाफिजसाहेबांनी अनिसकडे बघितलं. आता बोलायचं होतं. अनिस पाठ करून आला होता. या वेळी फक्त माफीचं वाक्य म्हणायचं, दुसरं काही नाही. कुणी बी या, असं चुकूनही म्हणायचं नाही.

तोंड उघडलं...

आवाज फुटला नाही. कोण ऐकेल? कोण येईल?  हाफिजसाहेबांनी पुन्हा खूण केली. लोक माना वळवून बघू लागले. सख्ख्या आईसाठी माणसाला दोन शब्द बोलता येईनात.

तेव्हा अगदी शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"अम्मीकडं कुणाचं काही असेल, तर माझ्याकडं या. मी फेडीन."

लोकांना वाटलं, बाहेरगावचा कुणी नातेवाईक असेल. नमाज सुरू झाली.

अनिसनं तो आवाज ओळखला. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या भावाचा आवाज कोण विसरतं? नमाज संपताना सलाम फिरवल्याबरोबर त्यानं मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत एका माणसाची जागा रिकामी होती. दोन्हीकडची माणसं ती सोडून उभी होती. का सोडली, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

माफीचं वाक्य सुभाननंही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर अनिसच्या दारात गाडी आली नाही. एक बुधवार गेला, दुसरा गेला. सायमा म्हणाली, सुटलो. अनिसलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग तो अम्मीची बारीकसारीक देणी द्यायला निघाला. आधी समोरच्या शेवंताबाईंकडे. अम्मी त्यांच्याकडून म्हशीचं दूध घ्यायची.

"आता गं बया," शेवंताबाई म्हणाल्या, "ते तर मिळालं की मला. मयतीनंतरच्या बुधवारी येक पोरगं येऊन देऊन गेलं."

"कोण पोरगं?"

"तोंड काय दिसलं न्हाई बाबा. लाइट नव्हती. कंपनीचा शर्ट व्हता अंगात. मान खाली घालून हुबा. मी म्हणत व्हते, अरं ऱ्हाऊ दे, खुर्शिदबी माझ्या भणीवानी व्हती, कसलं देणं आन् कसलं काय, माफ... तवर रस्त्यावरनं दुसऱ्यानं हाक मारली त्याला. गाडी चालूच व्हती त्याची. हातात पैसं ठिवलं आन् गेलं."

"काही बोलला का?"

शेवंताबाईंनी पदर सारखा केला.

"म्हणला, मावशी, अजून कुणाचं ऱ्हायलं असंल तर सांगा."

अनिस किराणावाल्याकडे गेला. कासाराकडे गेला. पिठाच्या गिरणीत गेला. सगळीकडे कुणीतरी आधीच देऊन गेलं होतं. अंधारात, मान घालून.

आज गल्लीत पूर्वीसारखी लाइट जात नाही. शेवंताबाई गेल्या. लिंब पाडला. तरी बुधवारी दिवस मावळला की अनिस दार सताड उघडतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि ते राहून गेलेलं वाक्य मोठ्यानं म्हणतो.

"सुभानकडं कुणाचं काही असेल, तर त्याला माफ करा."

पुन्हा म्हणतो. घसा बसेपर्यंत म्हणतो.

गल्ली रिकामी असते.